उजूनं सिव्हिल का सोडलं

कुणाच्याही घरी गेले की मी आधी छताकडे बघते. यजमान पाणी घेऊन येतात, तोवर माझी नजर चारही कोपऱ्यांतून फिरून आलेली असते. लोकांना वाटतं, ही बाई जळमटं शोधतेय. एक-दोघींनी मी गेल्यावर छत झाडून घेतल्याचंही कानावर आलं. त्यांना काय सांगणार? ही खोड मुळात माझी नाही, उज्ज्वला घाडगेची आहे. मुनिरकातल्या एका खोलीत ती मला लागली आणि तेव्हापासून सुटली नाही.

मी परभणीहून दिल्लीला आले होते ती कलेक्टर व्हायला. ते राहून गेलं, पण त्यापायी मुनिरकात बरीच वर्षं निघाली. तिथल्या गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरच्या बाईनं खिडकीतून हात लांब केला तर तिला आमच्या ताटातली चटणी मिळाली असती. दर हिवाळ्यात घरांना नवा मजला फुटायचा. खाली भाडेकरू स्वयंपाक करतायत आणि वर गवंडी विटा रचतायत, हे तिथलं रोजचं दृश्य. आमच्या मालकांना सगळे चौधरी म्हणायचे. त्यांनी मला सांगितलं, अजून एक मराठी मुलगी खोली शोधतेय, दोघी मिळून राहा.

ती मुलगी म्हणजे उज्ज्वला, उजू. ती बाहेर गल्लीत उभी होती. उंच, ताठ, बुटांना पॉलिश. आत यायला तयार नाही. बाहेरूनच तिनं चौधरींना विचारलं, "अंकल, नींव कितने मंज़िल की है?"

"नींव का क्या है बेटी, भगवान के भरोसे है."

"और ऊपर कितने मंज़िल बनाओगे?"

"जितने भगवान बनवाए."

घराचा पाया देवाच्या भरवशावर! मला हसू आलं. तिला आलं नाही. तिनं तळमजल्याची खोली पसंत केली, खाट दाराला लावून घेतली, आणि त्या रात्रीपासून दाराकडे डोकं करून झोपायला लागली. दिवसा वाचायचं असो की भाजी निवडायची असो, तिची जागा ठरलेली, उंबरठा. आता आपल्याकडे उंबरठ्यावर बसणं म्हणजे केवढा अपशकुन! मी चिडून सांगितलं, तर म्हणाली, "माझी आई पण हेच बोलते यार. पण घर पडलं ना, तर चौकट सगळ्यात लास्टला पडते."

"पण घर कशाला पडेल?"

"पडत नाही," ती म्हणाली. "बिल्कुल पडत नाही. पण आधी वर बघायचं, मग आत जायचं."

हे तिचं ब्रीदवाक्य. सिनेमाला गेलो तर पडद्याआधी छत बघायची. देवळात गेलो तर देवाआधी कळस आतून कसा दिसतो ते बघायची. एरवी ती भित्री मुळीच नव्हती. गर्दीच्या बसमध्ये एका माणसाचा हात नको तिथं आला, तेव्हा तिनं तो असा पिरगाळला की पुढच्या थांब्यावर उतरून तो पळत सुटला, आणि ही शांतपणे खिडकीची जागा पटकावून बसली. पाली, अंधार, पोलीस, चौधरींचा कुत्रा, कशाचंही तिला काही वाटायचं नाही. भीती एकच. डोक्यावरची.

एका दुपारी दिल्लीत जमीन हलली. भांडी खुळखुळली, पंखा झुलायला लागला, आणि आम्ही सगळे भाडेकरू ओरडत बाहेर धावलो. बघतो तर उजू आधीच चौकात, मोकळ्या जागी उभी, हातात वरणाची पळी. जमीन हलायच्या आधी ही बाहेर कशी गेली, ते कुणालाच कळलं नाही. थोड्या वेळानं सगळ्यांना हसू फुटलं, चहा झाला, लोक आपापल्या घरात गेले. ती मात्र अंधार पडेपर्यंत तिथंच होती. मी तिला हाताला धरून आत आणलं तेव्हा तो हात बर्फासारखा गार होता. मग मला पहिल्यांदा वाटलं की ही खोड नाही, हे काहीतरी दुसरंच आहे. मी तिला त्या दिवशी 'धास्ती' हा शब्द शिकवला. दिल्लीत वाढल्यामुळे तिला तो माहीत नव्हता. "अच्छा," ती म्हणाली, "याला नाव पण आहे."

तिचे वडील, आबा, मूळचे साताऱ्याकडचे, फौजेत सुभेदार. त्यांची तुकडी पूल बांधायची. उजू छावणीतल्या क्वार्टरमध्ये वाढली. आबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि आईवडील गावी गेले. जाताना आबांनी तिला एवढंच सांगितलं होतं, की दिवाळीपर्यंत नोकरी बघ, नाही जमलं तर सामान बांध. गावी तिला बघायला यायला पाहुणे तयार होते. उजू म्हणायची, "तिथलं घर कौलारू आहे, त्याचा मला काय डर नाही. डर आहे तो त्या कौलांच्या खाली काय काय करायला लागेल त्याचा."

नोकरीचं घोडं मात्र एकाच जागी अडायचं. तिनं कॉलेजात दोन वर्षं सिव्हिल इंजिनिअरिंग केलं होतं, मग ते सोडून भूगोल घेऊन बी.ए. तेव्हा गुडगावात मोहरीच्या शेतांमधून बिल्डरांचे बोर्ड उगवत होते, दिल्लीतल्याच द्वारकेत सोसायट्यांच्या रांगा उठत होत्या, आणि ज्याला त्याला माणसं हवी होती. नुसत्या भूगोलवालीला कोण विचारणार? पण अर्जात सिव्हिलची दोन वर्षं दिसली की बिल्डरच बोलवायचे. आणि बोलावलं की पहिलाच प्रश्न, "सिविल क्यों छोड़ा?" ज्या दोन वर्षांमुळे दार उघडायचं, त्याच दोन वर्षांमुळे ते परत लागायचं.

पहिल्या ठिकाणी तिनं सांगितलं, तब्येत बरी नव्हती. काय झालं होतं म्हणून विचारलं तर तोंडाला आलं ते म्हणाली, टायफॉइड. "टाइफ़ॉइड में कोई इंजीनियरिंग छोड़ता है?" दुसऱ्या ठिकाणी घरची अडचण सांगितली आणि कुठली अडचण म्हटल्यावर गप्प बसली. तिसऱ्या ठिकाणी भूगोलाची आवड सांगून पाहिली. तिथला माणूस म्हणाला, मग शाळेत शिकवा. खोटं बोलायलाही अंगात कसब लागतं, ते हिच्या घराण्यात नव्हतं. प्रत्येक वेळी परत आली की उंबरठ्यावर बसून बूट काढायची आणि बराच वेळ ते हातात धरून ठेवायची. दिवाळी जवळ येत चालली तशी तिची जेवणाची इच्छाच मेली. मला तिची काळजी वाटायची आणि रागही यायचा, कारण खरं कारण ती मलाही सांगत नव्हती.

शेवटी सलीमनं हे प्रकरण हातात घेतलं. सलीम बीडचा, आमच्याबरोबर परीक्षेचा अभ्यास करणारा, गल्लीतला मुलाखतीचा आचार्य. स्वतः तो मुलाखतीपर्यंत एकदाच पोचला होता, पण तेवढ्या भांडवलावर त्यानं अर्ध्या मुनिरकाला तयार केलं होतं. त्याचा मंत्र एकच, उत्तर 'बॅलन्स्ड' पाहिजे. आमच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलामागे तो अध्यक्ष आणि मी सदस्य होऊन बसलो. उजूला आम्ही दारातून आत यायला लावलं, "मे आय कम इन सर" म्हणायला लावलं. तिनं आत येताना वर पाहिलं की सलीम ओरडायचा, "छताकडे नाही, बोर्डाकडे!"

त्यानं उत्तर रचून दिलं. एका बाजूनं पाहता अभियांत्रिकी इमारत उभी करते, दुसऱ्या बाजूनं पाहता भूगोल वस्ती समजावून सांगतो, आणि या दोहोंमधला माणूस मला महत्त्वाचा वाटला. ऐकून माझ्या तर अंगावर काटा आला. हे उत्तर ऐकून सरकारनं तिला थेट राज्यपाल केलं असतं. उजूनं ते इंग्रजीतून पाठ केलं, झोपेतही ती ते पुटपुटायची.

गुडगावात बत्रा म्हणून एक बिल्डर होते. स्थूल, खादीचं जाकीट घालणारे, बोलताना समोरच्याकडे न बघता चहात बघणारे. त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि उजूनं उत्तर सुरू केलं. एका बाजूनं झालं, दुसऱ्या बाजूनं झालं. बत्रांनी कप खाली ठेवला.

"बेटी, ये किसने रटवाया? मुझे फ्लैट बेचने हैं, देश नहीं चलाना. जब असली बात याद आए, तब आ जाना."

बिल्डरच्या मुलाखतीला सरकारी बोर्डाचं उत्तर! असली चूक आम्हा परीक्षावाल्यांनाच सुचायची. सलीमनं ऐकलं आणि म्हणाला की तिनं 'दोहोंमधला माणूस' नीट जोर देऊन म्हटलं नसणार. मी त्याला घालवून दिला. मग तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "उजू, बोर्ड उठलंय. आता खरं सांग, सिव्हिल का सोडलंस?"

ती उंबरठ्यावरच होती. बाहेर गल्लीकडे तोंड करून बोलली.

"काही झालंच नाही गं. तेच तर आहे. काही झालंच नाही."

दुसऱ्या वर्षी कॉलेजातून त्यांना एका सोसायटीच्या साइटवर शिकायला पाठवलं होतं. स्लॅब ओतून झाला होता, खाली टेकू उभे होते. मजूर, मिस्त्री, मुलं, सगळे त्या सावलीत बसायचे, कारण बाहेर ऊन मी म्हणत होतं. उजू तिथंच वही उघडून टेकूंचं चित्र काढत होती. कंत्राटदाराला घाई होती, म्हणून टेकू लवकर काढायला सुरुवात केली होती. तेवढ्यात बाहेर चहावाला आला. त्यानं हाक मारली आणि सगळे उठून बाहेर गेले. उजूला चित्र पुरं करायचं होतं, ती उठत नव्हती. विटा वाहणाऱ्या एका बाईनं तिच्या दंडाला धरलं, "चल ना दीदी, ठंडी हो जाएगी." ती बाहेर आली, कप हातात घेतला, आणि मागे स्लॅब खाली आला.

"आवाज नाही आला ना, तो बादमध्ये आला," उजू म्हणाली. "पहिले हवा आली. पाठीवर. कुणीतरी फुंकर मारली असं. मग मी मागे पाहिलं तर जिथं मी होते तिथं काहीच नव्हतं. फक्त धूळ."

कुणी मेलं नाही. कुणाला खरचटलंही नाही. मजूर हसायला लागले. वाचलो म्हणून हसायला लागले. कंत्राटदारानं जिलबी मागवली, सगळ्यांना वाटली, उजूच्याही हातावर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात गेली आणि तिचे पाय इमारतीच्या दारात थांबले. तिसऱ्या दिवशीही थांबले. महिनाभर ती बाहेरच्या झाडाखाली बसून घरी परत जायची. मग एकमजली इमारतीत कुठला विषय शिकवतात याची तिनं चौकशी केली. भूगोल.

"कोणी मेलं असतं ना," ती म्हणाली, "तर मला सांगायला कारण तरी असतं. काहीच झालं नाही त्याला लोक काय म्हणणार? आबांना काय सांगू, फौजीची मुलगी चहा पिऊन घाबरली?"

आबांनी विचारलंच नव्हतं. त्यांनी गावात सांगून टाकलं होतं, मुलगी नापास झाली म्हणून. सोडून येण्यापेक्षा नापास होणं त्यांना बरं वाटलं असावं. आणि तिनं ते खोडून काढलं नव्हतं. मला तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण माझी नजर आमच्याच छताकडे गेली. वर चौधरींचे गवंडी विटा टाकत होते. त्यानंतर मला त्या खोलीत कधी गाढ झोप लागली नाही.

दिवाळीच्या आधी ती बत्रांकडे परत गेली. मी सोबत गेले. ते साइटवर होते, अर्धवट उभ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. शिपाई म्हणाला, "साहब ऊपर हैं, चले जाओ." आत टेकूंचं रानच होतं. उजू बाहेर वाळूच्या ढिगाशी उभी राहिली. ऊन चढलं, माझं डोकं दुखायला लागलं, शिपायानं दोनदा हटकलं. मी म्हटलं, चल गं, मी धरते तुला. तिनं मान हलवली. शेवटी बत्रा स्वतःच उतरून आले.

"ऊपर क्यों नहीं आई?"

"डर लगता है, सर. इसी लिए सिविल छोड़ा था." आणि तिनं सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, जिलबीपर्यंत. शेवटी म्हणाली, "कोई मरा नहीं था, सर."

बत्रांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. आता ते हसणार, असं मला वाटलं. ते म्हणाले, "मैं भी रोज़ ऊपर जाने से पहले गाड़ी में बैठ के नाम लेता हूँ. ड्राइवर सोचता है भक्त आदमी है." मग इकडेतिकडे पाहून, "मेरे लड़के हँस-हँस के बेचते हैं, और लोग हँसने वाले से घबराते हैं. तू नीचे दफ़्तर में बैठ. जो डर के आए, उससे बात कर. ऊपर मत जाना."

अशी उजूला नोकरी लागली. ऑफिस पत्र्याच्या शेडमध्ये होतं, त्यावर ती जाम खूश. "पडलंच तर टेंगूळ येईल, बस!" मोहरीच्या शेतात आपलं घर खरंच उभं राहील का, या काळजीनं काळवंडलेली माणसं यायची. रिटायर होत आलेले बाबू, मास्तरणी, फौजी. उजू त्यांना दिलासा द्यायचीच नाही. "मी पण घाबरते," ती सांगायची. "वर मी जात नाही. तुम्ही जा, ठोकून बघा, विचारा, मग ठरवा." काही जण तिथूनच पळाले. पुष्कळ जणांनी घर घेतलं. बत्रा हसायचे, पण उजूची धास्ती वाढत गेली. "आधी फक्त मीच दबणार होते," ती एकदा म्हणाली. "आता मी बोलले म्हणून ही सगळी माणसं त्या छताखाली झोपणार." ती रोज सकाळी वाळूच्या ढिगावर उभी राहून वरच्या मिस्त्रीला ओरडून विचारायची, टेकू कधी काढणार, आज का काढता, उद्या काढा. मिस्त्री तिला 'डरवाली मैडम' म्हणायचे आणि बहुधा तिच्या कटकटीला कंटाळून एक दिवस उशिराच काढायचे.

माझं दिल्लीतलं शेवटचं वर्ष होतं. सामान बांधून झालं होतं, म्हणून उजूचा निरोप घ्यायला मी साइटवर गेले, आणि नेमके त्याच दिवशी आबा आले होते. बुटके, पांढऱ्या मिशा, हातात उजूच्या आईनं दिलेला लाडवांचा डबा. पोरगी काय काम करते ते बघायला आले होते. इमारत आता पुरी झाली होती, रंग तेवढा बाकी होता. शेडमधला चहा पिऊन आबा उठले.

"चल. वर दाखव."

"तुम्ही जा, आबा. शिपाई नेईल."

"लोकांना विकतेस आणि वर जात नाहीस?"

आबा इमारतीच्या दारापर्यंत गेले, थांबले, आणि तिच्याकडे न वळताच म्हणाले, "सिव्हिल का सोडलंस?"

इतक्या वर्षांनी विचारलं. बत्रांपुढे ती इतकी घाबरली नव्हती. बुटांकडे बघत, अडखळत, अर्धं हिंदीत अर्धं मराठीत तिनं सांगितलं. टेकू, चहा, पाठीवरची हवा, जिलबी. आबा ऐकत राहिले.

"कुणी मेलं नाही?"

"नाही."

"जिलबी खाल्लीस?"

"नाही, आबा. खाली टाकली."

"बरं केलंस," आबा म्हणाले.

मग त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "आम्ही नाल्यावर पूल टाकला की पहिली गाडी जायच्या आधी आमचे मेजरसाहेब सांगायचे, बांधणाऱ्यांनी खाली उभं राहा. गाडी डोक्यावरून जायची. दर वेळी पाय लटपटायचे माझे. दर वेळी. घरी कधी बोललो नाही. अन् मी गावात सांगत फिरलो, पोरगी नापास झाली."

उजू रडत होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं नाही, नुसता मागे हात केला. तिनं तो धरला. दारात ती थांबली, मान वर केली, आणि मला दिसलं की आबांचीही मान वर गेली होती. दोघं तसेच उभे होते. मग ती उंबरठा ओलांडून आत गेली.

मी खालीच राहिले. खरं सांगायचं तर मला वर जायची छाती होईना. जिन्यात त्यांची पावलं वाजत होती, मध्येच थांबत होती, मग पुन्हा वाजत होती. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी लाडवांचा डबा छातीशी धरून वाळूच्या ढिगाशी उभी होते, जिथं ती उभी राहायची तिथंच.

सगळ्यात वरच्या गच्चीच्या कठड्यावर एक डोकं दिसलं. एवढ्या उंचीवरून तिचा चेहरा कळत नव्हता, पण आवाज स्वच्छ आला.

"अगं, वर ये ना! खाली काय उभी आहेस? छत मी बघितलंय!"

त्या भेटीनंतर उजू मला भेटली नाही. पण त्या दिवशी मी आधी वर पाहिलं, मग आत गेले.